रायफलचा ट्रिगर आणि घर्षण : नवोदित नेमबाजांसाठी मार्गदर्शन

नेमबाजी शिकू लागलेला माणूस रायफलची नळी, दस्ता, साइट आणि काडतुसे यांची बारकाईने चौकशी करतो. ट्रिगरकडे मात्र त्याचे लक्ष उशिरा जाते, आणि गेले तरी ‘तो किती हलका आहे’ या एकाच प्रश्नापाशी अडकून राहते. मुख्य मुद्दा सुरुवातीलाच सांगतो : चांगला ट्रिगर म्हणजे हलका ट्रिगर नव्हे, तर दर वेळी त्याच जागी आणि तेवढ्याच दाबाला सुटणारा ट्रिगर. या सारखेपणात सर्वांत जास्त अडथळा आणते ते घर्षण. घर्षणामुळे ट्रिगर जड होतो ही त्यातली लहान अडचण आहे. ते दर वेळी वेगळे असू शकते ही मोठी अडचण आहे.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, हे १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरून नीट कळते. या लक्ष्यात दहाचे वर्तुळ केवळ ०.५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि दशांश गुणांकनात ०.१ गुणाची किंमत ०.२५ मिलिमीटर इतकी होते. खांदा स्थिर आहे आणि नळीचे टोक त्याच्यापुढे साधारण १ मीटरवर आहे असे धरले, तर ते टोक ०.०२५ मिलिमीटर हलले की ०.१ गुण गेला. ही हालचाल डोळ्याला दिसत नाही, बोटालाही जाणवत नाही. पण ट्रिगर खडबडीत असेल तर ती नक्की होते.

ट्रिगरचा दोष लक्ष्यापर्यंत दोन वाटांनी पोहोचतो. पहिली वाट सरळ यांत्रिक आहे. बोटाचा दाब अगदी सरळ मागे न येता १० अंशांनी बाजूला झुकला, तर १५०० ग्रॅमच्या (म्हणजे सुटायला तेवढा दाब लागणाऱ्या) ट्रिगरवर सुमारे २६० ग्रॅमचा आडवा दाब रायफलीवर येतो. ट्रिगर १०० ग्रॅमचा असेल तर तोच आडवा दाब १७ ग्रॅमच्या आसपास राहतो. हलक्या ट्रिगरचा फायदा तो एवढाच, आणि तो खरा आहे. दुसरी वाट नेमबाजाच्या मनातून जाते, आणि माझ्या मते जास्त नुकसान तिथेच होते. ट्रिगर केव्हा सुटेल याचा भरवसा नसला की नेमबाज थांबतो, श्वास लांबवतो, डोळा थकवतो आणि शेवटी ‘आता सोडूनच टाकू’ म्हणून बोटाला झटका देतो. त्या झटक्याने जाणारे गुण रायफलीच्या नावावर कुणी मांडत नाही. नवखा नेमबाज ते स्वतःच्या हाताच्या अस्थिरतेवर ढकलतो आणि चुकीच्या गोष्टीचा सराव करत बसतो.

आधी सुरक्षितता

खाली सांगितलेली प्रत्येक तपासणी रिकाम्या रायफलीवरच करायची आहे. मॅगझिन काढावे, बोल्ट उघडावा, चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या जागेत) डोळ्याने पाहावे आणि शक्य तिथे बोटानेही चाचपावे. काडतुसे किंवा छर्रे त्या टेबलावरच नव्हे, त्या खोलीतही ठेवू नयेत. रायफलीचे तोंड कायम सुरक्षित दिशेला असावे. सुरुवातीला हे सारे रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली करावे.

कोऱ्या सरावाबाबतही, म्हणजे गोळीविना ट्रिगर दाबण्याबाबतही, सावध राहावे. बहुतेक आधुनिक सेंटरफायर (काडतुसाच्या तळाच्या मध्यावर पिन आदळणाऱ्या) रायफली रिकाम्या चालवल्याने बिघडत नाहीत, पण .२२ रिमफायर (तळाच्या कडेवर पिन आदळणाऱ्या) रायफलीत फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटू शकते, म्हणून उत्पादकाने परवानगी दिली नसेल तर स्नॅप कॅप (सरावाचे नकली काडतूस) वापरावी. स्पर्धेच्या एअर रायफलींना कोऱ्या सरावासाठी वेगळी सोय असते. स्प्रिंग-पिस्टनची साधी एअर रायफल मात्र छर्‍याशिवाय कधीही चालवू नये. पिस्टनपुढे दाबाची गादी तयार होत नाही आणि तो थेट धडकतो.

पायरी पहिली : आत काय घडते ते समजून घ्या

बोल्ट चालवल्यावर मुख्य स्प्रिंग दाबली जाते आणि काडतुसावर आघात घडवणारा स्ट्रायकर किंवा हॅमर पुढे झेपावण्याच्या तयारीत उभा राहतो. त्याला अडवून धरणारा पोलादी भाग म्हणजे सिअर. तुम्ही ट्रिगर दाबता तेव्हा सिअरची कड समोरच्या खाचेवरून हळूहळू सरकते आणि शेवटच्या टोकाला पोहोचताच आधार सुटतो. सरकण्याचा हा प्रवास बोटाला जाणवला तर त्याला क्रीप म्हणतात. सुटण्याच्या क्षणाला ब्रेक म्हणतात. सुटल्यानंतर ट्रिगर आणखी मागे जातो ते ओव्हरट्रॅव्हल.

साध्या ट्रिगरमध्ये मुख्य स्प्रिंगचा जवळजवळ सगळा भार एकाच सिअरवर असतो. स्पर्धेच्या ट्रिगरमध्ये मध्ये आणखी एक-दोन तरफा असतात. प्रत्येक तरफ भार कमी करत जाते, आणि बोटाशी थेट संबंध असलेल्या शेवटच्या कडेवर फारच थोडा भार उरतो. ट्रिगर हलका करण्याचा प्रामाणिक मार्ग हाच आहे. स्प्रिंग कापून किंवा सिअर घासून मिळवलेला हलकेपणा वेगळा आणि धोक्याचा.

एकटप्पी ट्रिगरमध्ये बोट टेकताच प्रतिकार लागतो आणि दाब वाढवत नेला की तो सुटतो. दोनटप्पी ट्रिगरमध्ये आधी हलका, लांब प्रवास असतो, मग स्पष्ट थांबा लागतो आणि त्यापुढे थोडा जास्त दाब दिला की ब्रेक येतो. माउझर ९८ आणि ली-एनफील्ड या जुन्या लष्करी रायफलींचे ट्रिगर दोनटप्पीच होते. ली-एनफील्डच्या ट्रिगरला वरच्या बाजूस दोन उंचवटे असतात. पहिला उंचवटा सिअरला बराचसा खाली आणतो आणि दुसरा त्याला सोडतो. म्हणजे तिथे पहिल्या टप्प्यातही सिअर प्रत्यक्ष घासत असतो. स्पर्धेच्या आधुनिक ट्रिगरमध्ये मात्र पहिला टप्पा बहुधा वेगळ्या हलक्या स्प्रिंगवर चालतो आणि सिअर त्या वेळी जागेवरच असतो. दोन्ही रायफली ‘दोनटप्पी’च म्हणवतात, पण पहिल्या टप्प्यातली खरखर एकीत सिअरची असते आणि दुसरीत बहुधा पिनेची किंवा पात्याची (बोट टेकते त्या भागाची); दोष शोधताना हा फरक उपयोगी पडतो.

नवोदिताने दोनटप्पी ट्रिगरवर शिकावे, असे मी आग्रहाने सांगेन. पहिला टप्पा ओढून थांब्यावर बोट टेकवले की ब्रेक कुठे आहे हे ठाऊक असते, आणि नेम जमेपर्यंत तिथे निश्चिंतपणे थांबता येते.

पायरी दुसरी : घर्षणाचा हिशेब एकदा कागदावर करा

घर्षणाचे बळ दोन गोष्टींवर ठरते : पृष्ठभाग एकमेकांवर किती जोराने दाबले गेले आहेत, आणि त्या पृष्ठभागांचा घर्षणगुणांक किती आहे. उदाहरणादाखल, सिअरवर ४० न्यूटनचा भार आहे आणि ट्रिगरच्या तरफेचे प्रमाण ४ ला १ आहे असे धरू. पृष्ठभाग नितळ आणि नीट वंगण केलेले असतील तर गुणांक ०.१२ च्या आसपास येतो, घर्षण ४.८ न्यूटन आणि बोटाला त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे १२० ग्रॅम. तेच पोलाद कोरडे असून गुणांक ०.५ वर गेला तर घर्षण २० न्यूटन आणि बोटाला सुमारे ५०० ग्रॅम. स्प्रिंग तीच, स्क्रू तिथेच, आणि बोटाला लागणारा दाब मात्र चौपट. प्रत्यक्षात वंगण अर्धवट पसरलेले असते, कुठे धुळीचा कण असतो, त्यामुळे एकच ट्रिगर या दोन टोकांच्या मध्ये कुठेही हिंडत राहतो.

सिअरची पकड कमी केली, म्हणजे एकमेकांवर टेकलेला भाग लहान केला, की घर्षण कमी होते, अशी समजूत नवख्यांत सर्रास आढळते. तसे होत नाही. कोरड्या धातूंमधले घर्षण टेकलेल्या क्षेत्रफळावर जवळजवळ अवलंबून नसते. पकड कमी केल्याने प्रवास कमी होतो, क्रीप कमी जाणवतो, आणि म्हणून ट्रिगर ‘मऊ’ झाल्यासारखा वाटतो. पण तोच भार आता लहान जागेवर येतो, कड लवकर झिजते, आणि धक्क्याने सिअर निसटण्याची शक्यता वाढते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. स्थिर वस्तूला हलवण्यासाठी लागणारे बळ, ती सरकू लागल्यावर लागणाऱ्या बळापेक्षा सहसा जास्त असते. त्यामुळे दाब वाढवत नेला की सिअर अडकतो, मग एकदम थोडा निसटतो, पुन्हा अडकतो. फुगलेल्या लाकडी कपाटाचा खण हळू ओढताना तो जसा अडकत-अडकत बाहेर येतो, तसा. हा प्रकार संथ गतीला जास्त जाणवतो. आणि नेमबाज तर ट्रिगर मुद्दाम संथ दाबतो! म्हणूनच दुकानात पटकन ओढून पाहिलेला ट्रिगर छान वाटतो आणि रेंजवर तोच खरखरतो.

सिअरच्या कोनाचाही यात भाग असतो. सुरक्षित बनावटीत हा कोन असा ठेवलेला असतो की सिअर सुटण्यापूर्वी स्ट्रायकर किंचित मागे ढकलला जातो. बोट सैल सोडले तर मुख्य स्प्रिंगच सिअरला पुन्हा खाचेत बसवते. यामुळे ट्रिगर थोडा जड होतो, पण ते वजन सुरक्षिततेची किंमत आहे. कोन उलटा झाला तर स्प्रिंग सिअरला सोडण्याच्या दिशेने ढकलू लागते, आणि अशी रायफल बाळगण्याजोगी राहत नाही. कानस, सँडपेपर किंवा पॉलिश पेस्ट घेऊन सिअरला हात लावू नये याचे पहिले कारण हे. दुसरे कारण असे की अनेक सिअर फक्त वरच्या पातळ थरात कठीण केलेले असतात. तो थर घासला गेला की खालचे मऊ पोलाद भराभर झिजते, आणि आज गुळगुळीत झालेला ट्रिगर काही काळाने धोकादायक होतो.

पायरी तिसरी : ट्रिगर मोजा

स्प्रिंगचा काटा, डिजिटल गेज किंवा टांगते वजन यांपैकी काहीही चालेल. गेजचा हुक पात्यावर नेमका तिथेच अडकवावा जिथे तुमचे बोट बसते. जागा बदलली की माप बदलते : पाते जिच्यावर फिरते त्या खिळीपासून २० मिलिमीटरवर १५०० ग्रॅम लागत असतील, तर २५ मिलिमीटरवर तेच काम १२०० ग्रॅममध्ये होते. ओढण्याची दिशा नळीला समांतर आणि गती संथ, एकसारखी असावी.

एका मापावर समाधान मानू नये. सलग दहा मापे घ्यावीत, प्रत्येक आकडा वहीत लिहावा आणि सरासरीपेक्षा सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या आकड्यातले अंतर आधी पाहावे. सरासरी १६०० ग्रॅम आणि दहाही मापे १५७० ते १६३० च्या दरम्यान, असा ट्रिगर मी १२०० ते १५०० मध्ये भटकणाऱ्या ट्रिगरपेक्षा केव्हाही पसंत करेन, जरी दुसरा ट्रिगर दर वेळी हलका असला तरी. सगळी मापे सरासरीच्या दोन्ही बाजूंना ५ टक्क्यांच्या आत असावीत, असा माझा ठोकताळा आहे.

स्पर्धेत उतरायचे असेल तर नियमही पाहावेत. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत १० मीटर एअर रायफलसाठी ट्रिगरच्या वजनाची किमान मर्यादा नाही. ३०० मीटर स्टँडर्ड रायफलसाठी ती १५०० ग्रॅम आहे, आणि १० मीटर एअर पिस्तुलासाठी ५०० ग्रॅम. मर्यादा असेल तिथे ट्रिगर थोडा वरच ठेवावा, कारण घर्षण हवामानाबरोबर बदलते आणि तपासणीच्या टेबलावर काही ग्रॅम कमी भरले तर वाद घालून उपयोग नसतो.

पायरी चौथी : बोटाने वाचा

गेज आकडा देतो, पण खरखर कुठे आहे ते बोटच सांगते. रायफल टेकूवर ठेवावी, कॉक करावी (बोल्ट चालवून स्प्रिंग दाबलेली ठेवावी), डोळे मिटावेत आणि पहिला टप्पा ओढून दुसऱ्या टप्प्यावर दाब इतका संथ वाढवावा की ब्रेक यायला पाच-सहा सेकंद लागतील. चांगल्या ट्रिगरमध्ये दाब वाढत राहतो, पाते हलल्यासारखे वाटत नाही, आणि मग ते एकदम सुटते. एखादी बारीक पायरी लागली, पाते किंचित सरकून पुन्हा अडले, तर ते नेमके कुठे झाले ते मनात धरून पुन्हा तीच क्रिया करावी. दर वेळी त्याच जागी अडत असेल तर पृष्ठभागावर यंत्रकामाची रेघ किंवा बर (धातूची उभी राहिलेली बारीक कड) असण्याची शक्यता असते. जागा बदलत असेल तर घाण किंवा वाळलेले वंगण यांचा संशय घ्यावा.

पात्याला बोटाने अलगद डावी-उजवीकडे हलवूनही पाहावे. पाते ट्रिगर गार्डच्या फटीला किंवा दस्त्याच्या लाकडाला बाजूने घासत असेल, तर सिअर कितीही उत्तम असून फायदा नाही. लाकडी दस्ता दमट हवेत फुगतो, आणि दस्त्याचे स्क्रू कमी-जास्त आवळले गेले की ट्रिगरचा डबा किंचित सरकतो. रायफल दस्त्यातून काढून मोजल्यावर माप एकदम सुधारले, तर दोष इथेच आहे असे समजावे.

पायरी पाचवी : स्वच्छता आणि वंगण

ट्रिगरमधले घर्षण वाढण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे नको तिथे गेलेले तेल. नळी साफ करताना द्रावण मागे ओघळते, ट्रिगरच्या डब्यात उतरते, धूळ आणि दारूचे कण धरून ठेवते आणि वाळून चिकट होते. म्हणून नळी साफ करताना तोंड मागच्या भागापेक्षा खाली ठेवावे आणि बोअर गाइड (सफाईची कांडी सरळ ठेवणारी नळी) वापरावा. ट्रिगरमध्ये स्प्रे तेलाची फवारणी करू नये; सुरुवातीला ती सुखावते, नंतर तिचाच चिकटा होतो.

चिकट थराची बाब किरकोळ वाटत असेल तर एक उदाहरण पाहावे. २०१४ साली रेमिंग्टन कंपनीने मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन या रायफलींपैकी एक्स-मार्क प्रो ट्रिगर असलेल्या रायफली परत मागवल्या. जुळणीच्या वेळी वापरलेले चिकटद्रव्य काही ट्रिगरांत प्रमाणाबाहेर राहिले होते आणि त्यामुळे रायफल अनपेक्षितपणे सुटण्याचा धोका होता.

उत्पादकाने ट्रिगर कोरडा ठेवायला सांगितला असेल तर कोरडाच ठेवावा. वंगण सांगितले असेल तर सुईच्या टोकावर मावेल इतकेच, सांगितलेल्या जागी लावावे. थंडीत ग्रीस घट्ट होते आणि ट्रिगर आळशासारखा परततो, म्हणून थंड हवेतल्या स्पर्धेआधी रायफल त्या हवेत ठेवून पुन्हा मोजावी.

पायरी सहावी : स्क्रू फिरवणे

पुस्तिका समोर ठेवल्याशिवाय एकही स्क्रू फिरवू नये. फिरवण्यापूर्वी प्रत्येक स्क्रूची मूळ जागा लिहून ठेवावी किंवा फोटो काढावा. एका वेळी एकच स्क्रू, पाव फेरा, आणि त्यानंतर पुन्हा दहा मापे. पहिल्या टप्प्याची लांबी व वजन आणि दुसऱ्या टप्प्याचे वजन नवोदिताने हाताळायला हरकत नाही. सिअरच्या पकडीचा स्क्रू मात्र जाणत्या आर्मररकडूनच (बंदूक-दुरुस्ती कारागिराकडूनच) लावून घ्यावा.

ओव्हरट्रॅव्हलच्या थांब्याकडे थोडे अधिक लक्ष द्यावे. ब्रेकच्या क्षणी बोटासमोरचा प्रतिकार नाहीसा होतो, पण बोट तेवढ्याच जोराने दाबत असते. पाते मागे झेपावते, थांब्यावर आपटते, आणि तो धक्का गोळी नळीत असतानाच रायफलीला पोहोचू शकतो. म्हणून थांबा जवळ हवा. तो फार जवळ आणला तर सिअर पूर्ण मोकळा होण्याआधीच पाते अडते, सिअर जाताजाता घासतो आणि स्ट्रायकरचा वेग दर वेळी बदलतो. थांबा जवळ आणत जावे, रायफल सुटेनाशी झाली किंवा घासल्यासारखी वाटली की तिथून स्पष्टपणे मागे घ्यावा.

कोणताही स्क्रू फिरवल्यावर तीन चाचण्या चुकवू नयेत. रिकामी रायफल कॉक करून बोल्ट जोरात बंद करावा. स्ट्रायकर सुटता कामा नये. दस्त्याच्या मागच्या टोकावर रबरी हातोडीने किंवा तळहाताने ठोके द्यावेत. तरीही सुटता कामा नये. सेफ्टी लावून ट्रिगर नीट दाबावा, सोडावा, मग ट्रिगरला हात न लावता सेफ्टी काढावी. याही वेळी सुटता कामा नये. एकाही चाचणीत रायफल सुटली तर तिच्यात काडतूस घालायचे नाही.

पायरी सातवी : लक्ष्यावर तपासा

बोटाच्या पहिल्या पेराचा मध्यभाग पात्यावर टेकवावा आणि बाकीचे बोट दस्त्याला कुठेही टेकू देऊ नये. दस्त्याला टेकलेले बोट स्वतःच नवे घर्षण निर्माण करते. पाते पुढे-मागे सरकवण्याची सोय असेल तर ते हाताच्या मापाने बसवावे, हाताने पात्याच्या मापाने वळू नये.

आधी कोरा सराव. ब्रेकच्या क्षणी आणि त्यानंतरचा एक-दोन सेकंद साइटचे चित्र पाहत राहावे. सिअर सुटल्यापासून फायरिंग पिन आदळेपर्यंत बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत काही मिलिसेकंदच जातात, तर दिसलेल्या गोष्टीला माणसाचा हात प्रतिसाद देईपर्यंत साधारण २०० मिलिसेकंद. मधल्या काळात तुम्ही काही दुरुस्त करू शकत नाही. जे हलते ते ट्रिगरच्या आणि बोटाच्या सवयीने हलते. चित्र दर वेळी एकाच दिशेला उडी मारत असेल तर बोटाची दिशा किंवा जागा तपासावी. दिशा बदलत असेल, तर पुन्हा वही उघडून मापांमधले अंतर पाहावे.

मग प्रत्यक्ष नेमबाजीत प्रत्येक फैरीनंतर, लक्ष्य पाहण्यापूर्वी, ‘गोळी कुठे गेली असावी’ ते सांगावे आणि लिहावे. अंदाज आणि छिद्र जुळत असतील तर ट्रिगर तुम्हाला फसवत नाही, आणि उरलेले काम तुमच्या पवित्र्याचे आहे. ब्रेक अनपेक्षित आला म्हणून अंदाजच सांगता येत नसेल, तर नवी रायफल किंवा नवा ट्रिगर शोधण्यापूर्वी स्वच्छता, दस्त्याचे स्क्रू आणि पात्याची बाजू या क्रमाने पुन्हा जावे. वहीतली दहा मापांची ओळ दर महिन्याला, आणि रायफल उघडून पुन्हा जोडल्यावर लगेच, नव्याने भरावी. वजन न बदलता अंतर वाढू लागले, तर कड झिजत असल्याचे लक्षण समजून रायफल आर्मररकडे न्यावी आणि तोपर्यंत तिच्यावर गोळी चालवू नये.